नंबर, कोड आणि अर्जाचा रकाना

गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेच्या दफ्तरात, बँकांनी परत पाठविलेल्या रकमांची फेरतपासणी करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा इंग्रजी अर्जातील एका शब्दाची अविचाराने केलेली निवड किती मुलांच्या शुल्काचा भरणा अडवून ठेवू शकते, याची मला प्रचीती आली. अर्जात ‘ब्रँच नंबर’ असा रकाना होता. संस्थेला हवा होता आयएफएससी, ज्याची पहिली 4 अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे आणि उरलेली 6 स्थाने शाखेची असतात. ‘नंबर’ वाचून कोणी खाते क्रमांकच लिहिला, कोणी आरंभीची अक्षरे गाळून केवळ आकडे दिले, आणि ज्यांनी अकराही स्थाने भरली त्यांच्यापैकी कित्येकांनी शून्याच्या जागी ‘ओ’ लिहिला. दोष त्या मुलांचा नव्हता, मसुद्याचा होता.

अक्षरे मिसळली म्हणून इंग्रजीत ‘नंबर’ अशुद्ध ठरत नाही. भारतीय पासपोर्टचा नंबर अक्षरानेच सुरू होतो. मोटारीच्या सांगाड्यावर कोरलेली 17 स्थानांची ओळखही नंबरच म्हणविते, मात्र ती पद्धती ठरविणाऱ्यांनी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुळातच वर्ज्य करून एक व शून्य यांच्याशी होणारा घोटाळा टाळला, ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. अशी रूढ किंवा कायद्याने ठरलेली नावे आपल्या अर्जात बदलू नयेत. ‘पॅन’ला ‘टॅक्स कोड’ म्हटल्याने गोंधळ वाढेलच.

नवे नाव योजताना मात्र, ज्याच्या प्रत्येक भागाला नेमून दिलेला अर्थ आहे त्यास ‘कोड’, ज्यातील अक्षरे केवळ नोंद शोधण्यापुरती आहेत त्यास ‘रेफरन्स’ आणि निव्वळ आकड्यांच्या मालिकेस ‘नंबर’ म्हणावे, हे उत्तम. ‘अल्फान्यूमेरिक’ हा शब्द तज्ज्ञांच्या कागदपत्रांत राहू द्यावा. पॅनच्या रकान्याखाली ‘टेन डिजिट्स’ छापणे तर उघड चूक आहे, कारण त्यात 5 अक्षरे, 4 अंक व अखेरीस पुन्हा एक अक्षर असते; तेथे ‘कॅरेक्टर्स’ हाच शब्द हवा, नाहीतर संगणकाची आज्ञावली लिहिणारा त्या शब्दावर विसंबून रकान्यात अक्षरांना प्रवेशच नाकारतो.

अर्जांचे मसुदे करणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की, नाव कोणतेही ठेवा, पण रकान्याखाली भरलेला एक नमुना छापा, कोठे अक्षर व कोठे अंक हे स्पष्ट लिहा, आणि छपाईचा हुकूम देण्यापूर्वी तो अर्ज इंग्रजीशी फारसा परिचय नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून भरून घ्या.