भिंतीवरचा बहुरूपी

नवागामातील आमच्या घरांच्या भिंतींवर, विशेषतः ओलसर कोपऱ्यांत, खरबुजाच्या बीएवढे, राखाडी व चपटे काहीतरी चिकटलेले दिसते. गिलाव्याचा पोपडा समजून आम्ही ते नेहमी झाडून टाकीत असू. एके दिवशी तो पोपडाच हळूहळू वर चढू लागला, आणि आमचा गैरसमज दूर झाला.

ती एका लहानशा पतंगाच्या अळीची खोळ होय. १९५६ साली हिंटन व ब्रॅडली या शास्त्रज्ञांनी या पतंगाच्या प्रजातीला 'फेरिओइका' हे नाव दिले. घर वाहून नेणारा, असा त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे.

अळीचे डोके कठीण, परंतु शरीर अगदी मऊ असते. म्हणून ती आपल्या रेशमाने प्रथम एक कमान विणते आणि तिच्यात वाळूचे कण, धूळ, केस व तंतू गुंफते. कमान वाढवीत तिची नळी होते. आत रेशमाचे अस्तर असते. दोन्ही टोकांना दारे असतात, आणि आतल्या आत वळून अळी कोणत्याही दारातून डोके बाहेर काढू शकते. पुढचे पाय रोवून ती घर मागून ओढून नेते. शरीर वाढले की खोळही वाढविते.

कित्येक अळ्यांना पानाचा हिरवा किंवा काटकीचा तपकिरी रंग जन्मतःच लाभतो. हिला तो लाभलेला नाही. परंतु जेथे राहावयाचे तेथलीच धूळ पांघरल्याने ती तेथलीच दिसते. मात्र भिंतीला नवा रंग दिला की तोच जुना वेष तिला उघडी पाडतो!

जुनी कोळिष्टके हे तिचे आवडते खाद्य. लोकरही ती खाते. म्हणून लोकरी कपडे जपावेत आणि कोळिष्टके वेळीच काढावीत.

पूर्ण वाढलेली अळी खोळ भिंतीला पक्की बांधून आत कोश करते. सुमारे पंधरा दिवसांनी करड्या रंगाचा पतंग उडून जातो आणि कोशाची रिकामी साल दारात अर्धी बाहेर अडकून राहते.

तेव्हा मित्रहो, यापुढे भिंतीवर झाडू फिरविण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहा. आम्ही कचरा समजून जे झाडीत होतो, ते कोणाचे तरी कष्टाने बांधलेले घर होते.