समान कामाला समान दाम



आपल्यापैकी अनेकांनी कष्टाने स्वतःचे दुकान, वर्कशॉप, दवाखाना किंवा बांधकामाचा धंदा उभा केला आहे. कुणाच्या हाताखाली दोन माणसे आहेत, कुणाच्या वीस. पगार वेळेवर देणे ही चांगली गोष्ट आहे; पण तो न्यायाने देणे ही वेगळी गोष्ट आहे. आज तिचा विचार करू या.

मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी ह्या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. काम पुरुष स्टेनोग्राफरांसारखेच, पगार मात्र कमी. त्यांनी दाद मागितली. कंपनी म्हणाली, स्त्रियांचे पद वेगळे आहे, पगार युनियनशी करार करून ठरला आहे, आणि समान पगार आम्हाला परवडत नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने यातले एकही कारण मान्य केले नाही. ‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक मालकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

तेव्हा १९७६ चा समान मोबदला कायदा होता. आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. एकच किंवा सारख्या स्वरूपाचे काम असेल, तर स्त्री-पुरुष असा भेद करून वेतन कमी-जास्त देता येत नाही.

आपल्या धंद्यात काय चालले आहे, हे कसे तपासावे?

१. कामगारांची यादी करा. नावापुढे काम, अनुभव, कामाचे तास, पगार, भत्ते आणि बोनस लिहा.

२. हुद्द्याच्या नावावर जाऊ नका. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असणाऱ्यांना एका गटात घाला. एकीला ‘मदतनीस’ आणि दुसऱ्याला ‘सहायक’ म्हटल्याने काम बदलत नाही.

३. महिन्याचा पगार न पाहता तासाचा दर काढून तुलना करा. भत्तेही त्यात धरा.

४. फरक दिसला तर कारण लिहा. जास्त वर्षांची नोकरी किंवा रात्रपाळी हे कारण होऊ शकते. ‘त्याला घर चालवायचे आहे, तिचा नवरा कमावतो’ हे कारण नव्हे.

५. कारण सापडले नाही, तर कमी असलेला पगार वाढवा. बरोबरी साधण्यासाठी कुणाचाही पगार कमी करण्यास कायद्याने मनाई आहे.

एकदम वाढ झेपणार नाही, असे काहींना वाटेल. अशांनी निदान हिशोब आजच मांडावा आणि कायद्याचा सल्ला घ्यावा. डोळे मिटून घेतल्याने देणे मिटत नाही.

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी आपल्या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला. पोप फ्रान्सिस यांनी एप्रिल २०१५ मध्ये स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत लाजिरवाणी असल्याचे सांगून समान कामाला समान वेतनाच्या हक्काला पाठिंबा दिला. रोखून ठेवलेल्या मजुरीची हाक देवापर्यंत पोहोचते, असा इशारा संत याकोबाच्या पत्रातही आहे.

विचारासाठी : आपल्याकडे काम करणाऱ्या बाईने शेजारच्या पुरुषाच्या पगाराचे पाकीट उघडून पाहिले, तर तिला फरकाचे कारण आपण तिच्या डोळ्यांत पाहून सांगू शकू का?