इंग्रजी क्रियापदें व त्यांचे लहान सोबती

इंग्रजी निबंधाच्या अगर अर्जाच्या वह्या तपासतांना असें आढळून येतें कीं, विद्यार्थी ज्या शब्दांपाशीं अडखळतो ते शब्द बहुधा लांबलचक नसतात. 'इन', 'ऑन', 'अप', 'टु', 'फॉर', 'ऑफ', 'विथ' हे चिमुकले शब्दच त्यास दगा देतात. कठीण शब्दाचा अर्थ तो कोशांत पाहतो. परंतु अमुक क्रियापदाबरोबर यांपैकीं कोणता शब्द यावा, हें कोशांत पाहण्याची संवय फारच थोड्यांस असते. यास्तव या सोबत्यांचे कांहीं नियम येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम अडचणीचें मूळ पाहूं. चंद्रपूर जिल्हा व १९८२ सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, या वनप्रदेशांत मराठी, गोंडी, माडिया, हलबी, तेलुगू अशा अनेक भाषा मुलांच्या कानांवर पडतात. या सर्व भाषांत एक गोष्ट समान आहे. संबंध दाखविणारा प्रत्यय किंवा शब्द नामाच्या नंतर येतो. आपण 'जंगलांत', 'झाडाखालीं', 'नदीपलीकडे' असें म्हणतों. इंग्रज मात्र 'इन द फॉरेस्ट' म्हणतो, म्हणजे संबंध आधीं सांगतो व नाम नंतर. घरीं कोणतीहि भाषा बोलली जात असो, इंग्रजीच्या वर्गांत ही उलटी चाल सर्वांनाच शिकावी लागते.

ही चाल अंगवळणी पडते न पडते तोंच दुसरी अडचण उभी राहते. हेच लहान शब्द क्रियापदाला लागून आले म्हणजे त्याचा अर्थच पालटतात. 'लुक' म्हणजे पाहणें. पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणें, 'लुक इंटु' म्हणजे चौकशी करणें, व 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणें. हा प्रकार आपणांस अगदींच परका मात्र नाहीं. संस्कृतांतील 'हृ' हा एकच धातु निरनिराळ्या उपसर्गांच्या योगानें प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार असे भिन्न अर्थ देतो. मराठींतहि 'बोलणें' आणि 'बोलून बसणें', 'देणें' आणि 'देऊन टाकणें' यांत केवढें अंतर आहे! भेद इतकाच कीं, संस्कृत उपसर्ग धातूच्या आधीं येऊन त्यास चिकटतो, व इंग्रजी सोबती क्रियापदानंतर येऊन सुटा राहतो. अशा जोडक्रियापदांस 'फ्रेझल व्हर्ब' हें नांव छापील ग्रंथांत लोगन पीअरसॉल स्मिथ यांनीं १९२५ सालीं रूढ केलें.

या जोड्यांचे तीन प्रकार ध्यानांत ठेवावे.

पहिल्या प्रकारांत क्रियापदानंतर शब्दयोगी अव्यय येतें व लगेच त्याचें कर्म येतें. 'डिपेंड ऑन', 'कम्प्लाय विथ', 'वेट फॉर' हीं याचीं उदाहरणें. येथें मराठी विभक्तीवर विसंबून चालत नाहीं. 'वर अवलंबून असणें' याला 'ऑन' जुळतें खरें. पण 'त्याच्यावर रागावला' येथें 'ऑन' न येतां 'अँग्री विथ' असें म्हणावें लागतें. तसेंच 'तिच्याशीं लग्न झालें' यावरून 'मॅरीड विथ' लिहिण्याचा मोह होतो. शुद्ध रूप 'मॅरीड टु' हें होय.

दुसऱ्या प्रकारांत सोबती शब्द क्रियाविशेषण असतो. 'पुट ऑफ', म्हणजे पुढें ढकलणें, हें पाहा. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' हीं दोन्ही वाक्यें शुद्ध आहेत. परंतु नामाऐवजीं सर्वनाम आलें तर तें मध्येंच बसलें पाहिजे. 'पुट इट ऑफ' हें शुद्ध. 'पुट ऑफ इट' हें अशुद्ध.

तिसऱ्या प्रकारांत हे दोन्ही सोबती एकत्र येतात. 'पुट अप विथ' म्हणजे सोसणें, 'डू अवे विथ' म्हणजे बंद करणें, 'लुक फॉरवर्ड टु' म्हणजे उत्कंठेनें वाट पाहणें. यांतील पहिला शब्द अर्थ फिरवितो व दुसरा कर्माकडे नेतो. म्हणून दोहोंपैकीं एकहि गाळतां येत नाहीं. 'लुक फॉरवर्ड टु' यांतील 'टु' शब्दयोगी असल्यामुळें त्यापुढें 'सी' न येतां 'सीइंग' येतें. याच प्रकाराच्या नादानें आपल्या देशांत 'कोप अप विथ' असें सर्रास लिहिलें जातें. तेथें 'अप' नको, 'कोप विथ' एवढेंच पुरे.

आतां औपचारिक लेखनाकडे वळूं. अर्ज, अहवाल व निबंध यांत पुष्कळ वेळां जोडक्रियापदाऐवजीं एकेरी शब्द योजितात. 'पुट ऑफ' बद्दल 'पोस्टपोन', 'पुट अप विथ' बद्दल 'टॉलरेट', 'फाइंड आउट' बद्दल 'अॅसर्टेन'. चूक घडते ती येथेंच; कारण क्रियापद बदललें तरी जुना सोबती लेखणीला चिकटून राहतो. मुख्य नियम हा कीं, क्रियापद बदलतांच त्याच्या सोबत्याला निरोप द्यावा, व नव्या क्रियापदास सोबती लागतो कीं नाहीं हें स्वतंत्रपणें पाहावें. 'टॉक अबाउट' याचें 'डिस्कस' झालें कीं 'अबाउट' गेलें; 'आस्क फॉर' याचें 'रिक्वेस्ट' झालें कीं 'फॉर' गेलें; 'गो अप टु' याचें 'अप्रोच' झालें कीं 'टु' हि गेलें. मात्र 'रिक्वेस्ट' हें नाम असेल तर 'अ रिक्वेस्ट फॉर' असेंच लिहावें.

म्हणून सर्वच जोडक्रियापदें हद्दपार करावीं असें नव्हे. 'कॅरी आउट', 'अकाउंट फॉर', 'कम्प्लाय विथ' हीं गंभीर लेखनांतहि शोभतात. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय ठेवूं नये, असाहि एक दंडक सांगितला जातो. सतराव्या शतकांत ड्रायडननें या प्रयोगास दोष दिला. परंतु १९२६ सालीं फाउलरनें आपल्या प्रसिद्ध कोशांत हा दंडक म्हणजे एक जपून ठेवलेली खुळी समजूत ठरविली. अर्जांत 'टु हूम वी अप्लाइड' असें लिहिणें भारदस्त दिसतें, तें अवश्य लिहावें; पण तिसऱ्या प्रकारांतील जोडी फोडून वाक्य ओढून-ताणून उलटें करूं नये.

हा सारा शब्दच्छल कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमच्याच प्रदेशाशीं निगडित असें उत्तर आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्याच्या इंग्रजी मसुद्यांत वननिवासी कोणास म्हणावें हें ठरवितांना दोन क्रियापदें आलीं आहेत : 'रिझाइड इन' आणि 'डिपेंड ऑन'. आतां केवळ 'इन' याचाच कडक अर्थ घेतला तर जंगलाच्या कडेला राहून मोहफुलें, तेंदूपानें व बांबू यांवर पोट भरणारीं कुटुंबें हक्कास मुकण्याचा संभव होता. २००८ सालीं केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयानें खुलासा केला कीं, प्रत्यक्ष वनाच्या आंत न राहतां उपजीविकेसाठीं वनावर अवलंबून असणारे आदिवासीहि या व्याख्येंत येतात. पुढें २००९ सालीं धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवास सामूहिक वनहक्क मिळाला. 'आंत' आणि 'वर' या दोन चिमुकल्या शब्दांवर किती चुलींचा प्रश्न उभा राहूं शकतो, हें यावरून दिसून येईल. उद्यां गांवचा अर्ज लिहिण्याचें काम तुमच्यापैकींच कोणावर तरी येणार आहे.

यास्तव विद्यार्थ्यांनीं एक लहान वही करावी, व नवें क्रियापद त्याच्या सोबत्यासह, जणूं एकच शब्द आहे असें समजून, एका पूर्ण वाक्यांत लिहून ठेवावें. सरावासाठीं पुढील चार वाक्यें देतों. वरील नियम लावून तीं शुद्ध करावीं.

१. 'वी डिस्कस्ड अबाउट द प्राइस ऑफ तेंदू लीव्ह्ज.'
२. 'द मीटिंग वॉज ऑन मंडे, बट दे पुट ऑफ इट.'
३. 'वी लुक फॉरवर्ड टु रिसीव्ह युअर रिप्लाय.'
४. 'शी कुड नॉट कोप अप विथ द वर्क.'