क्रोशाच्या झाकणाखालची पेटी

बाबांनी १९६२ साली घेतलेला मर्फीचा व्हॉल्व्ह रेडिओ टीव्ही आल्यावर माळ्यावर गेला. बाबा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी मी तो खाली उतरवला. आतलं विजेचं काम आमच्या पुण्यातल्याच एका जुन्या मेकॅनिक काकांनी केलं. पेटी, काच आणि बटणं मी अंगावर घेतली. दोन महिन्यांत होईल वाटलेलं काम दीड वर्ष चाललं. त्यात जे कळलं ते लिहून ठेवतोय.

१. काचेला दोन बाजू असतात, हे मला उशिरा कळलं. डायलच्या काचेवर धुरकट थर होता. मी ती सोडवली, ओला कापूस घेतला आणि दोन्हीकडून पुसायला लागलो. स्टेशनांची नावं काचेच्या आतल्या बाजूला रंगाने छापलेली असतात, आणि इतक्या वर्षांच्या उष्णतेने तो रंग काचेवर नुसता टेकून राहिलेला असतो. एका फटक्यात ‘कोलंबो’ कापसावर आलं. नेमकं कोलंबो! दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागायची ते रेडिओ सिलोन. त्यासाठी आमच्या वाड्यातली निम्मी बिऱ्हाडं आमच्या पायरीवर येऊन बसायची. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्यानंतर आतल्या बाजूला कोरड्या मऊ ब्रशशिवाय काही लावलं नाही. नवीन अक्षरं छापून मिळतात, असं पुष्कळांनी सुचवलं. मी ती जागा रिकामीच ठेवली.

२. निरुपयोगी वाटणारी गोष्ट बहुधा कोणाच्या तरी जिवासाठी असते. बटणाच्या कडेला एक बारीक भोक असतं, त्यात ते दांड्यावर आवळून धरणारा छोटा स्क्रू असतो. आमच्या बटणांची ही भोकं मेणाने बुजवलेली होती. मी टाचणीने मेण कोरून काढलं, बटणं धुतली, परत बसवली. काकांनी ते पाहिलं आणि आधी प्लग काढला. मग समजावून सांगितलं. हा सेट एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारा, म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर नाही. विजेची एक तार थेट पत्र्याच्या चासीला जोडलेली. दोन पिनांचा प्लग उलटा खोचला गेला, तर चासी, बटणाचा दांडा आणि तो स्क्रू, सगळ्यांत करंट. फिरवणाऱ्याचं बोट त्याला लागू नये म्हणून मेण. मागचा पुठ्ठाही त्याचसाठी. तो मी ‘हवा खेळू दे’ म्हणून काढून ठेवणार होतो. त्या संध्याकाळी मी मेणबत्ती पेटवून तिन्ही भोकं स्वतः भरली.

३. पॉलिशला पंचांग लागतं. कानाकोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून पाहिला, तो चिकटला. म्हणजे हे फ्रेंच पॉलिश, लाखेचं. लाखेचे किडे पळसावर, कुसुमावर, बोरीवर वाढतात. त्यांच्या लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि चिंधीच्या बोळ्याने हात न थांबवता फिरवत राहायचं. बोळा क्षणभर जरी टेकून राहिला, तरी खालचा थर विरघळून उचलला जातो. हे सगळं मी शिकलो आणि जुलैत बसलो. तिसऱ्या दिवशी पेटीवर दुधासारखं पांढरं सायीचं आवरण. हवेतली ओल लाखेत अडकली होती. ओळखीच्या म्हाताऱ्या पॉलिशवाल्या चाचांकडे धाव घेतली. ते म्हणाले, ‘दिवाळीनंतर या.’ मला तेव्हा ते टाळताहेत असं वाटलं. नोव्हेंबरच्या कोरड्या उन्हात त्यांनी नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरवला, आणि ती साय माझ्या डोळ्यांदेखत विरत गेली. मग मला शेजारी बसवून त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि इंग्रजी आठाचा आकडा काढायला लावला, अर्धा तास, एकही शब्द न बोलता.

४. आणि तरीही त्या पेटीवर मी केलेलं सर्वांत मोठं नुकसान पॉलिशच्या आधीच झालं होतं. रेडिओवर आईने विणलेलं क्रोशाचं पांढरं झाकण असायचं. समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन यायचं. झाकणाबाहेरचं लाकूड विटत गेलं, झाकणाखालचं गडद राहिलं. माळ्यावरून उतरवल्यावर मला वरच्या फळीवर कमानी-कमानींची एक पुसट नक्षी दिसली होती. ती आईच्या झाकणाची किनार होती. मी तिला ‘डाग’ समजलो. बारीक पॉलिश पेपर घेऊन डावीकडून घासायला सुरुवात केली. हाताखाली सारखी कमान, परत कमान येतेय, हे लक्षात आलं तेव्हा अर्धी नक्षी गेली होती. उरलेल्या सहा कमानी आज पॉलिशखाली आहेत. मान तिरकी करून पाहिलं तर दिसतात.

५. सरस वितळतो, ही किती मोठी सोय आहे! खालच्या कडेचं, सरसाने चिकटवलेलं व्हिनियर सुटून पापडासारखं उभं राहिलं होतं. ओलं फडकं, त्यावर कोमट इस्त्री, मग वजन ठेवून रात्रभर तसंच. सकाळी बसलेलं. जुन्या सुतारांनी उलगडता येईल अशी वस्तू केली म्हणून मला ती दुरुस्त करता आली.

६. दोरी तोडण्याआधी चित्र काढायला हवं होतं. स्टेशनचं बटण फिरवलं की काटा सरकतो तो एका दोरीने: बटणाच्या दांड्याला दोन-अडीच वेढे, तिथून पुलीवरून गँगच्या, म्हणजे स्टेशन बदलणाऱ्या कंडेन्सरच्या, मोठ्या चाकावर, आणि ताण राहावा म्हणून चाकात एक स्प्रिंग. कुजलेली दोरी मी कापून टाकली आणि नवी कशी ओवायची हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. आधी मासेमारीचा नायलॉन वापरला. तो ताणला गेला आणि दांड्यावर निसटायला लागला. बटण फिरायचं, काटा जागचा हलायचा नाही. काकांनी सुती विणीची बारीक दोरी दिली आणि तिला राळ चोळायला सांगितली. सारंगीच्या गजाला चोळतात तीच राळ. मग आणखी एक युक्ती: स्टेशन आधी लावायचं, काटा मागाहून. कानाने पुणे केंद्र पकडलं, ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे डायलवर ३७९ मीटरच्या आसपास. मग काटा अलगद सरकवून तिथे आणला आणि थेंबभर व्हार्निशने दोरीला चिकटवला.

७. बटणं माणसांची सवय धरून ठेवतात. आवाजाच्या बटणातच चालू-बंद करण्याचा खटका असतो, म्हणून रेडिओ लावताना ते नेहमी एकाच जागेवरून फिरायला लागतं आणि अंगठा नेहमी त्याच खाचांवर पडतो. बटण साबणाच्या पाण्यात टूथब्रशने घासलं, वर्षानुवर्षांचा काळपट मळ निघाला, तेव्हा दिसलं: सगळीकडे खाचा टोकदार, आणि एका बाजूच्या चार-पाच खाचा झिजून गुळगुळीत. सकाळच्या बातम्यांना बाबा, दुपारी वनिता मंडळाला आई. मी जुन्या बाजारातून त्याच घडणीचं चांगलं बटण आणून ठेवलं होतं. ते अजून ड्रॉवरमध्ये आहे.

८. सगळं काम संपल्यावर पहिल्यांदा लावला, तेव्हा मी आईला खुर्चीत बसवलं. तिचं वय चौऱ्याऐंशी. खट् आवाज झाला, डायलमागे पिवळा दिवा लागला, व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट काहीच नाही, आणि मग लांबून आल्यासारखा आवाज वर आला. आईने थोडा वेळ ऐकलं. मग उठून कपाटातून पांढरं झाकण काढलं. इतकी मेहनत घेतलेलं लाकूड उघडं राहावं असं माझ्या मनात होतं, मी तसं म्हणालोही. ‘धूळ बसते रे,’ ती म्हणाली, आणि उरलेल्या सहा कमानींवर झाकणाची किनार बोटाने सारखी करत बसली.