सौर पॅनल : ऊन हवे, उष्णता नको

मोर्शीच्या मे महिन्यातील उन्हाविषयी वऱ्हाडातील माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही. पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की दुपारी बाजारपेठ ओस पडते आणि पत्र्याच्या शेडमध्ये काम करणारे कारागीर कूलरपुढून हलत नाहीत. साहजिकच प्रत्येकाच्या मनात येते की एवढे कडक ऊन असताना सौर पॅनल मे महिन्यात नुसता पैसा छापत असेल. आमचाही समज असाच होता. प्रत्यक्षात पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता त्याची शत्रू असते. हा फरक न कळल्यामुळे अनेक व्यापारी बंधू चुकीचा माल घेतात, किंवा चांगला माल घेऊन चुकीच्या जागी बसवितात.

पॅनल वीज कशी तयार करतो ते आधी पाहू. वाळूपासून मिळणारे सिलिकॉन शुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या कापतात. चकतीच्या एका बाजूला फॉस्फरसचा आणि दुसऱ्या बाजूला बोरॉनचा अगदी किंचित अंश मिसळलेला असतो. त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर एक विद्युत ओढ तयार होते. प्रकाश पडला की सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन सुटतात, ही ओढ त्यांना एका दिशेने लोटते आणि प्रवाह सुरू होतो. प्रकाशातून वीज मिळते हे फ्रान्सच्या बेकेरेल यांनी १८३९ साली पाहिले होते. कामाला येईल असा सिलिकॉनचा सेल मात्र १९५४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. एका सेलमधून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. म्हणून अनेक सेल एकामागे एक जोडून काचेखाली बंद करतात, तोच आपला पॅनल. त्यातून निघणारी वीज बॅटरीसारखी डी.सी. असते. इन्व्हर्टर तिची ए.सी. करतो, तेव्हा कुठे शिलाई मशीन चालते.

आता उष्णतेचा हिशेब. पॅनलवर ५४० वॅट लिहिलेले असते ते सेलचे तापमान २५ अंश धरून. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना छतावरच्या सेलचे तापमान ७० पर्यंत जाते. साध्या मोनो पॅनलची क्षमता २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने घटते. ४५ अंश जादा म्हणजे १८ टक्के घट. कडक ऊन असूनही ५४० चे ४४० च उरले! ज्यात ही घट ०.३ टक्के आहे तो पॅनल त्याच वेळी ४६५ च्या आसपास देतो. हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात 'तापमान गुणांक' म्हणून छापलेला असतो. दुकानदाराकडून ते पत्रक मागून घ्यावे. टाळाटाळ झाली तर दुसरे दुकान पाहावे.

प्रकार समजून घेताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावी. पॉली पॅनल निळसर दिसतो, त्याची कार्यक्षमता १५ ते १७ टक्के. तो आता मागे पडला आहे. कोणी फार स्वस्तात देत असेल तर जुना साठा काढत आहे असे समजावे. मोनो काळा असतो, एकाच स्फटिकापासून कापलेला. त्यातील 'पर्क' जातीचा माल २० ते २१ टक्के देतो. 'टॉपकॉन' त्याच्याही पुढचा, २२ टक्क्यांच्या आसपास, आणि उष्णतेत कमी घटणारा. किंमत थोडी जास्त पडते, पण वऱ्हाडच्या हवेला आमच्या मते तोच योग्य. 'बायफेशियल' पॅनल मागच्या बाजूनेही प्रकाश घेतो. पांढऱ्या रंगाच्या गच्चीवर उंच बसविला तर त्याचा फायदा, पत्र्याला चिकटवून बसविला तर ते पैसे वाया. पातळ थराचे पॅनल मोठ्या प्रकल्पांत वापरतात, दुकानाच्या छतावर जागा कमी असते म्हणून आपल्या कामाचे नाहीत.

पत्र्याच्या शेडवर कोणताही पॅनल लावला तरी खाली वारा खेळायला जागा सोडावी. फिटर घाईत पत्र्याला टेकवून मोकळा होतो आणि पॅनल तव्यावरच्या भाकरीसारखा भाजत राहतो.

दुसरी चूक सावलीची. पॅनलचे तोंड दक्षिणेला आणि कल सुमारे २१ अंश, एवढे सगळेच सांगतात. पण अस्रची वेळ सावलीवरून ओळखणाऱ्या आपल्या बांधवांना सावलीचे गणित काय शिकवावे? डिसेंबरात मोर्शीला भर दुपारीही सूर्य ४५ अंशांवरच असतो, म्हणजे पाच फुटांच्या कठड्याची सावली पाच फूट लांब पडते. सकाळी व सायंकाळी ती याहून कितीतरी वाढते. सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावर टाकीची सावली आली तरी पॅनलचा मोठा भाग मंदावतो.

आमच्या परिचयाच्या एका टेलरमास्तरांची गोष्ट सांगतो. चार मशिनी, एक इस्त्री, पंखे आणि ट्यूबलाइट मिळून दिवसाला आठेक युनिट वीज लागे. एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतात आणि त्यांना सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. म्हणजे दोन किलोवॅट, ५४० चे चार पॅनल. त्यांनी तसेच बसविले, बिलही उतरले. पण वीज गेली तशी मशिनी बंद पडल्या! बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर बाहेरची वीज जाताच मुद्दाम बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाला धोका. विकणाऱ्याने हे सांगितले नव्हते, मास्तरांनीही विचारले नव्हते. वीज नसतानाही काम चालायला हवे असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि खर्च बराच वाढतो. पिठाची चक्की किंवा वेल्डिंग मशीन बॅटरीवर चालविण्याच्या भानगडीत तर पडूच नये. मोटार सुरू होताना कैक पट प्रवाह ओढते.

अनुदानाबाबतही घोळ होतो. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात, पण ते घरगुती जोडणीला, आणि सेलसुद्धा भारतात बनलेले असावे लागतात. दुकानाच्या व्यापारी मीटरला हे अनुदान नाही. खाली दुकान, वर घर आणि मीटर वेगळे असतील तर घराच्या मीटरवर अर्ज करता येतो. व्याजाचे कर्ज टाळणाऱ्यांनी आधी दोन किलोवॅट बसवावे, मात्र इन्व्हर्टर आणि लोखंडी सांगाडा पुढच्या वाढीचा विचार करून घ्यावा.

राहिली धुलाई. उन्हाळ्यात धूळ फार बसते, पंधरवड्यातून एकदा तरी पुसावे. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात, म्हणून धुतल्यावर कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. आणि हे काम फजरनंतर लगेच उरकावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकू शकते.