ताडमाडांची ओळख

झावळ्यांच्या रविवारी आपल्या खेड्यांतील मंडळ्या मंदिर शृंगारण्यास ज्या झावळ्या आणतात, त्या बहुधा ओढ्याकाठच्या शिंदीच्या असतात. शास्त्रात वर्णिलेले झाड मात्र खजूर होय. ही दोन्ही एकाच कुळीची असल्याने घोटाळा होणे साहजिक आहे, व त्यापासून हानीही नाही. परंतु दुसरे काही घोटाळे असे आहेत की त्यांपासून लेकरांच्या जिवास अपाय होतो. यास्तव पुणे शहरातील बागांत व बंगल्यांच्या आवारांत दिसणारी ही झाडे कशी ओळखावी, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पान पाहावे. ते पंख्यासारखे, थोर व राठ असून सोट काळसर असेल, तर तो बहुतकरून ताड. ताडात नर व मादी ही झाडे निरनिराळी असून ताडगोळे मादीसच येतात.

पान पिसासारखे असेल तर त्याची एक पाती आडवी मोडून पाहावी. शिंदी व खजूर यांची पाती पन्हळीप्रमाणे वर उघडी असते. माड व सुपारी यांची कौलासारखी उपडी असते. शिवाय शिंदी-खजुरांच्या देठाजवळील पात्यांचे काटे झालेले असतात. शिंदी एकसोटी, खजुरीच्या बुडाशी पिले फुटतात. शिंदीच्या फळात गर अगदी थोडा, पण तिच्या पानांच्या केरसुण्या होतात व नीराही तिचीच. झावळ्या तोडिताना मधला कोंब मात्र कोणी छाटू नये; वाढीचा डोळा तो एकच, तो गेला की झाड गेले.

फाटकाशी रांगेने उभे असणारे, सिमेंटच्या खांबासारख्या गुळगुळीत सोटाचे झाड पुण्यात ‘बॉटल पाम’ म्हणून दाखविले जाते. ते वस्तुतः रॉयल पाम होय. खरा बॉटल पाम ठेंगू असून त्याचे बूड बाटलीसारखे फुगलेले असते.

भेरली माडाची पाती माशाच्या शेपटीसारखी असते. त्याचे तुरे शेंड्यापासून खाली येत जातात व शेवटचा तुरा संपला म्हणजे झाड मरते. त्याच्या फळांच्या रसाने अंगास व तोंडास विलक्षण खाज सुटते. मुलांनी ती चावू नयेत.

सर्वांत अधिक जपावे ते सायकसला. लोक त्यासही पाम म्हणतात, पण ते या कुळीचे नव्हेच. त्याची कोवळी पाती गुंडाळलेली निघते, फुले येत नाहीत, आणि मादी झाडाच्या मध्यभागी लोकरीसारख्या आवरणात नारिंगी बिया धरतात. त्या दिसण्यात खारकेसारख्या, परंतु विषारी असून यकृताची नासाडी करितात. गुरे व कुत्रीही त्यांनी मरतात. मुलाने एक जरी बी खाल्ली, तरी उलटी होण्याची वाट न पाहता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे, व एक बी सोबत घेऊन डॉक्टरांस दाखवावी.