न्यायालयातील चार भाषा

इ. स. १९४५ मध्ये दुसरे महायुद्ध संपले. युद्धकाळातील घोर अपराधांबद्दल जर्मनीच्या नेत्यांवर खटला चालविण्याचे विजयी राष्ट्रांनी ठरविले. न्यूरेंबर्ग शहर बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाले होते. परंतु तेथील न्यायालयाची इमारत बव्हंशी उभी होती व तिला लागूनच तुरुंग होता. म्हणून तेच स्थळ निवडण्यात आले.

न्यायाधीश इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स व रशिया या देशांचे. आरोपी मात्र जर्मन. आपल्यावर काय आरोप आहे, हे आरोपीलाच समजले नाही, तर त्याला न्याय मिळाला असे कसे म्हणावे? शिवाय प्रत्येक वाक्य थांबून थांबून चार भाषांत सांगायचे, तर खटला संपणार कधी?

यावर युक्ती निघाली. दालन वाढविण्यात आले. आसनांपर्यंत तारा नेऊन कानाला लावायची श्रवणयंत्रे ठेवण्यात आली. बटण फिरविले, की हवी ती भाषा ऐकू येई. काचेच्या तावदानांआड बारा दुभाषे बसत व वक्ता बोलत असतानाच भाषांतर करीत. वक्ता घाईने बोलू लागला, की पिवळा दिवा लागे. तांबडा लागताच त्याला थांबावे लागे. दुभाष्यांच्या तीन तुकड्या आळीपाळीने हे कठीण काम करीत.

२० नोव्हेंबर १९४५ रोजी खटला सुरू झाला. १ ऑक्टोबर १९४६ रोजी निकालाचे वाचन पूर्ण झाले. बारा जणांना देहान्ताची व सात जणांना कारावासाची शिक्षा झाली. तिघे मात्र निर्दोष सुटले. शत्रूलाही त्याच्या भाषेत आरोप ऐकवावा, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि मगच निर्णय द्यावा, यातच न्यायाचे थोरपण आहे.